वजन कमी, तरी त्रास जास्त का?

प्रश्न : वडिलांची प्रोस्टेट सोनोग्राफीत ५५ ग्रॅम, तरी त्रास नाही. काकांची ३२ ग्रॅमच, पण लघवीला धार नाही, रात्री चारदा उठतात. असं का?

उत्तर : त्रास वजनापेक्षा वाढ कुठे झाली यावर ठरतो. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून असते. वयानुसार वाढतो तो नलिकेलगतचा, मुळात अगदी लहान असलेला भाग. वाढ बाहेरच्या अंगाला फुगली तर वाट बरीच मोकळी राहते. मधला भाग मूत्राशयात वर घुसला, तर मात्र तो झडपेसारखा तोंडावर बसतो. कुंथल्यावर वाट आणखी बंद होते. काकांच्या रिपोर्टमध्ये ‘मीडियन लोब’चा, म्हणजे या मधल्या भागाचा, उल्लेख आणि लघवीनंतर मूत्राशयात उरलेल्या लघवीचं प्रमाण जरूर पाहा.

वाढीमागे वय आणि डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन). टेस्टोस्टेरॉनपासून हे संप्रेरक ग्रंथीतच तयार होतं. फिनास्टेराइड हे औषध ती क्रिया अडवतं आणि ग्रंथी हळूहळू आकसते, म्हणून गुण यायला सुमारे सहा महिने लागतात. त्याने पीएसए (प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला आकडा) जवळपास निम्मा दिसतो. तपासणीवेळी डॉक्टरांना हे सांगाच.

आणि काकांना सर्दीच्या गोळ्या परस्पर देऊ नका. त्यातल्या स्यूडोएफेड्रिनने मूत्राशयाचं तोंड आवळतं, क्लोरफेनिरामिनने मूत्राशयाचा जोर कमी होतो. लघवी पूर्ण तुंबू शकते. तुंबलीच तर तासन् तास वाट न पाहता नळी घालायला दवाखाना गाठा.