बायोप्सीच्या अहवालाला दिवस का लागतात?

प्रश्न : शस्त्रक्रिया चालू असताना काढलेल्या तुकड्याचा अहवाल काही वेळा वीस-पंचवीस मिनिटांत मिळतो, मग साध्या बायोप्सीच्या अहवालासाठी काही दिवस का थांबावे लागते? काढलेला तुकडा थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही का?

उत्तर : थेट ठेवता येत नाही. प्रकाश आरपार जाऊन पेशींचे एकेरी थर स्पष्ट दिसावेत यासाठी ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा काप लागतो, आणि ताज्या, मऊ ऊतीचा इतका पातळ काप निघत नाही. शिवाय रक्तपुरवठा तुटताच पेशींमधीलच विकरे पेशींचे विघटन सुरू करतात. म्हणून तुकडा लगेच १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. त्यात फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण प्रत्यक्षात ४ टक्क्यांच्या आसपास असते. ते प्रथिनांचे रेणू एकमेकांशी बांधून टाकते आणि पेशींची रचना होती तशी टिकते. मात्र द्रावण आत झिरपायला आणि त्यानंतर ही बांधणी पूर्ण व्हायला बरेच तास लागतात. त्यासाठी मोठ्या नमुन्याचे ३-४ मिलिमीटर जाडीचे काप करतात आणि द्रावणही ऊतीच्या निदान दहापट घेतात. तोंडापर्यंत ऊतीने भरलेली अरुंद बाटली हा या कामातला सर्वात वाईट आरंभ होय, कारण पुढे यंत्रे कितीही चांगली असली तरी आतून कुजलेला नमुना सुधारत नाही. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहींची (संप्रेरकांना बांधून घेणाऱ्या पेशींतील प्रथिनांची) तपासणी करायची असल्यास नमुना ६ ते ७२ तास फॉर्मेलिनमध्ये असावा, असा दंडक आहे. रुग्णाला खटकणाऱ्या विलंबातला हा भाग माझ्या मते मुळीच कमी करू नये.

पुढचे टप्पे बहुधा यंत्रात रात्रभरात उरकतात. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढले जाते, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल, आणि रिकाम्या झालेल्या जागी सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळलेले पॅराफिन मेण शिरते. थंड झालेल्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर काप घेतात. त्याआधी तुकडा मेणात कोणत्या बाजूने बसवायचा हे तंत्रज्ञाला ठरवावे लागते, कारण त्वचेचा तुकडा आडवा पडला तर तिचे थर एकाखाली एक दिसतच नाहीत. हाड असेल तर आम्लाने किंवा ईडीटीए या रसायनाने आधी कॅल्शियम काढावे लागते, आणि त्यात आणखी काही दिवस जातात.

शस्त्रक्रियेच्या वेळी हे सारे टाळून तुकडा गोठवतात आणि उणे २० अंशांच्या आसपास ठेवलेल्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे काप घेण्याच्या शीतयंत्रात, कापतात. बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशींत पोकळ्या पडतात आणि केंद्रकाचे बारकावे पुसट होतात. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत गाठ आहे की नाही, अशा तातडीच्या प्रश्नापुरते ते चालते. उरलेला नमुना मात्र नेहमीच्या मार्गाने जातो आणि अंतिम निदान त्यावरच होते.

प्रश्न : सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या चित्रांत दिसणारा जांभळा-गुलाबी रंग ऊतीचा स्वतःचा असतो का?

उत्तर : नाही, रंगवण्यापूर्वी काप जवळजवळ पारदर्शक असतो. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी होतो. चरबीच्या पेशी मात्र पोकळ, पांढऱ्या दिसतात, कारण आतली चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये आधीच विरघळून गेलेली असते. चरबीच दाखवायची असेल तर मेणाची पद्धत सोडून गोठवलेला काप ऑइल रेड ओ या रंगाने रंगवतात.