डॉकिंगचा स्कोअर राहू दे, रेणू मेंदूत पोचतो का ते बघा

एम.एस्सी. ऑरगॅनिकनंतर अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी वाचवणारा रेणू डिझाइन करायचा आहे, तर डॉकिंगचं (रेणू प्रथिनाला किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज) कुठलं सॉफ्टवेअर शिकू, असं तुम्ही विचारलंय. कुठलंही शिका. अडतं ते दुसरीकडेच.

मी कोल्हापुरातच पीएच.डी. करत होते. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजवर (पेशींमधला निरोप नेणारं अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम) माझ्या रेणूचा स्कोअर उणे ११च्या पुढे गेला (जितका जास्त उणे तितका चांगला), माझे गाइड असलेले सर खूश. रेणुभार ६१२, अंगावर चार फिनॉलिक ओएच, म्हणजे पाण्याकडे ओढणारे गट. मी विचारलं, "सर, हा मेंदूत जाईल का?" "ते पुढचं पुढं बघू, आधी पेपर लिही."

त्याच वर्षी आई महाद्वार रोडवरून भाजी घेऊन येताना बिनखांबी गणपतीपाशी थांबली. मंगळवार पेठेतलं घर कुठल्या अंगाला, तेच आठवेना. चाळीस वर्षं पायाखालचा रस्ता. ओळखीच्या फुलवाल्या मावशींनी हाताला धरून घरी आणून सोडलं.

तिला डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध सुरू झालं. त्या रात्री मी त्याची रचना वहीत काढली. रेणुभार ३७९, एकही ओएच नाही, मेदात सहज मिसळणारा. १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध रक्त-मेंदू अडथळा (रक्तातलं बहुतेक काही मेंदूत शिरू न देणारी भिंत) ओलांडून आईच्या डोक्यात पोचत होतं. माझा रेणू दारातच अडला असता. सकाळी सरांना हेच सांगितलं, तर म्हणाले, "घरचं लॅबमध्ये आणू नकोस." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

म्हणून संश्लेषणाला हात घालायच्या आधी रेणुभार साडेचारशेच्या आत, ध्रुवीय पृष्ठभाग (रेणूचा पाण्याकडे ओढणारा भाग) नव्वद चौरस अँगस्ट्रॉमच्या आत ठेवा, आणि त्या अडथळ्यावरचं पी-ग्लायकोप्रोटीन हे पंपासारखं प्रथिन त्याला परत बाहेर फेकतं का ते तपासा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एसएच-एसवाय५वाय पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून "पेशी वाचल्या" म्हणणाऱ्या पेपरांवर विसंबू नका. त्या पेशी कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या, आणि पेरॉक्साइडपासून त्यांना कुठलंही बरं अँटिऑक्सिडंट वाचवतं.

एक मात्र खरं, डोनेपेझिलसुद्धा पेशी वाचवत नाही. उरलेल्या पेशींमधलं अ‍ॅसिटिलकोलिन जरा जास्त टिकवतं, एवढंच. आणि नुसतं पोचणंही पुरत नाही. वेरुबेसेस्टॅट हे अल्झायमरसाठी तपासलेलं औषध मेंदूत पोचलं, या आजारात साठणारं अमायलॉइड प्रथिन कमी केलं, तरी २०१७ आणि २०१८मध्ये त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. ओएच म्हणजे वाईटच असंही नाही, गॅलँटामाइन या अल्झायमरच्याच दुसऱ्या औषधाला एक आहे आणि ते व्यवस्थित पोचतं.

गाइड ठरवताना मात्र पहिल्याच भेटीत विचारा, "रेणू मेंदूत पोचतो का, हे आपण कुठल्या महिन्यात मोजणार?" "पुढचं पुढं" असं उत्तर आलं, तर दुसरी लॅब बघा.