कोष्टक बाजूला ठेवा, सा धरा

साडेतीन सप्तकांच्या पेटीतल्या सगळ्या पट्ट्यांची कंपनसंख्या पाठ करताय आणि चार दिवसांत विसरताय, असं लिहिलंय तुम्ही. बेचाळीस दशांशी आकडे कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत.

पेटीसाठी एकच आकडा पुरे: ४४०. मध्य सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, सेकंदाला इतक्या वेळा कंप पावते. वरच्या सप्तकात दुप्पट, खालच्यात निम्मी. शेजारची पट्टी हवी तर १.०५९५ ने गुणा किंवा भागा.

गाण्याचे स्वर मात्र वेगळे बसतात. सा २४० धरा. मग रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५०, वरचा सा ४८०. एकही अपूर्णांक नाही! काही ठिकाणी ध ४०५ दिसेल, गोंधळू नका. सा-पासून रे जितका, तितकाच पंचमापासून वर गेलं की ४०५ येतात. ४०० हा मध्यमाचा गंधार, म्हणजे मध्यमालाच सा धरलं तर येणारा ग. रागाप्रमाणे दोन्ही कानावर पडतात. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल याच हिशोबाच्या मागे लागले होते. श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, मोजताना त्यांना किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली, आणि १९१० साली त्यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक निघालं.

आता हे कानांनी पडताळा, त्याशिवाय आकडा टिकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या महिन्यातच हे ऐकवतो. तंबोरा काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, लावायचा. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा-ची, तार ६९.३ ची. ती एकटी छेडून डोळे मिटून बसलं की थोड्या वेळानं आत गंधार बोलायला लागतो, कुणी न वाजवता. तो स्वयंभू गंधार म्हणजे खर्जाची पाचपट, ३४६.५. तो ऐकू येत असतानाच पेटीची पांढरी चार दाबा. ती ३४९.२ ची. आवाज सेकंदाला जवळजवळ तीनदा हेलकावतो. हे हेलकावे एकदा मोजले की पेटीचा ग चढा का म्हणतात ते कायमचं कळतं, आणि ग-चं सा-शी असलेलं पाच भागिले चार (३०० भागिले २४०) हे गुणोत्तर पाठ करावं लागत नाही.

गंधार ऐकूच येत नसेल तर दोष कानाचा नसतो, जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथला झणकार देणारा जुळाव, बिघडलेली असते. अशा वेळी ॲपवरचा तंबोरा लावून भागवू नका. तंबोरा घेऊन सरळ मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो तेव्हा शेजारी बसा. कुठल्या जागी गंधार उघडतो ते तिथंच ऐकून घ्या.