सगळं नशिबातच लिहिलंय, तर मी कशाला धडपडू?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणी प्रारब्ध म्हणतं, कुणी साडेसाती, कुणी पत्रिकाच पुढ्यात ठेवतं, पण आतलं दुखणं एकच, की सगळं आधीच ठरलंय तर माझ्या हातात राहतंय काय. एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पंचगंगेच्या काठचं गाव, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायचं दुकान. 2019 च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, सगळं धुऊन-पुसून मशिनींना तेल घालून परत उभं केलं आणि 2021 च्या जुलैत परत तेच, शिलाई मशिनी, पिकोचं मशीन, गिऱ्हाइकांची कापडं, सगळं पाण्याखाली. बहिणीने कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याने गाळा बघून ठेवलेला, पण ताई हो पण म्हणेनात आणि नाही पण म्हणेनात, रात्रभर जाग्या, नवीन ऑर्डर घेणं बंद. "माझ्या नशिबातच पाणी हाय मॅडम, तिकडं गेलो तरी कुठनं तरी येणारच की."

घरचे रोज भांडायचे, नशीब बिशीब काय नसतंय म्हणून, आणि ते जेवढं भांडायचे तेवढं ताई नशीब घट्ट धरायच्या. मी तो वाद घातलाच नाही. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी काय काय झालं, तेवढं सांगा म्हटलं.

बराच वेळ साडीच्या काठाचा एक दोरा नखाने ओढत बसल्या. मग बोलल्या. दिवसभर मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येत होती, 39 फूट इशारा, 43 फूट धोका हे तिकडं पोरासोरांना पण पाठ असतं, पुतण्या म्हणाला काकू मशिनी ट्रॉलीत टाकूया, आणि ह्या म्हणाल्या, "बघूया सकाळी." रात्रीतच पाणी आलं.

मग माझ्या लक्षात आलं की नशीब काढून घेतलं तर ताईंकडे "माझ्यामुळं बुडालं" एवढंच उरणार होतं, आणि ते त्यांना पेलणारं नव्हतं. म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं, एखाद्याचं नशीब हिसकावून घेऊ नका, ते त्याने कशासाठी धरलंय ते आधी बघा!

सासूबाई प्रवचनाला जाणाऱ्या, त्यामुळे गीता घरात होतीच. अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितलीत, अधिष्ठान म्हणजे कर्म घडतं तो आधार, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. म्हणजे दैव आहे, पण पाचातलं एक. आम्ही कागद घेतला आणि त्या रात्रीचं मांडलं. धो धो पाऊस आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, जे धरण भरलं की आपोआप उघडतात, ते दैवात. नदीकाठचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, ते अधिष्ठानात. ट्रॉली साधनांत. कर्त्याच्या पुढे ताईंनी स्वतःच लिहिलं, "बघूया सकाळी", आणि रडल्या. पण कागदावर ती चूक तेवढीच दिसत होती जेवढी होती, पूर काय त्यांनी आणला नव्हता.

पुढचा प्रश्न त्यांचाच, मग आता पण ठरलेलंच असेल तर? हा युक्तिवाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. ग्रीसमध्ये लोक म्हणायचे, बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, आणि तिथला क्रिसिपस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला, बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावणंही त्यातच ठरलेलं असेल. मी ताईंना एवढंच विचारलं, पाणी लिहिलेलं असेल तर मशिनी वर उचलणं लिहिलेलं नाही हे कशावरून? सगळं विश्व आधीच ठरलेलं आहे का, यावर अजून वाद चालू आहेत, चालू देत, पण ठरलेलं असलं तरी आपण केलेलं वाया जातं हे त्यातून निघत नाही, हे मला अगदी मनापासून पटलंय.

ताईंनी गाळा घेतला. गावातलं दुकान पण थोडं चालू ठेवलंय, आणि पातळी 37 फुटाला आली की कुणाला न विचारता मशिनी हलवायच्या असं पुतण्याबरोबर ठरवलंय. गाळ्याचा मुहूर्त मात्र ज्योतिषाकडूनच काढून आणला, मला फोन करून विचारलं चालेल का मॅडम, मी म्हटलं चालेल की, तारीख त्यांनी काढू दे, भाड्याचा करार तुम्ही नीट वाचून सही करा.