प्रातःसंध्या म्हणजे 'सकाळची संध्याकाळ'?

प्रश्न असा आहे: संध्या म्हणजे संध्याकाळ, तर मग 'प्रातःसंध्या' कशी? आणि मधली संध्या दुपारी बाराच्या ठोक्याला करायची का?

संध्या म्हणजे सांधा. रात्र आणि दिवस जिथे जुळतात ती वेळ, आणि त्या वेळी करायची उपासनाही. सकाळी एक सांधा, सूर्यास्ताला दुसरा, आणि पूर्वाह्ण (दिवसाचा पहिला अर्धा) संपून अपराह्ण (दुसरा अर्धा) लागतो तिथे तिसरा. मराठी बोलीने यातला फक्त सूर्यास्ताचा सांधा उचलला आणि त्याला 'संध्याकाळ' म्हटले. सांज हा त्याच शब्दाचा प्राकृतातून आलेला भाऊ: संध्या, संझा, सांज. वंध्येची वांझ झाली ती याच वाटेने. म्हणजे प्रातःसंध्या हा शब्द बरोबरच आहे, अर्थ आक्रसला तो आपल्या बोलण्यात.

लेखनाचेही इथेच सांगतो, कारण निमंत्रणपत्रिकांत हमखास 'माध्यान्ह' छापलेले असते. मध्य + अहन् म्हणून मध्याह्न: ह आधी, न नंतर. सायाह्नही तसेच. पूर्वाह्ण, अपराह्ण यांत मात्र आधीच्या र मुळे ण येतो.

आता वेळा. सकाळची उत्तम संध्या तारे दिसत असताना, मध्यम तारे मावळल्यावर, कनिष्ठ सूर्य उगवल्यावर: 'उत्तमा तारकोपेता मध्यमा लुप्ततारका'. सायंसंध्येला हा क्रम उलटतो. सूर्य असतानाची उत्तम, सूर्य बुडाल्यावरची मध्यम, तारे आल्यावरची कनिष्ठ. इथे पुष्कळांची गफलत होते. सकाळचा नियम तसाच लावून ते चांदण्या निघायची वाट पाहतात आणि सर्वांत हलका काळ पकडतात. मनुस्मृतीतला जपाचा नियम लक्षात ठेवला की घोळ होत नाही: सकाळी उभ्याने, सूर्य दिसेपर्यंत, संध्याकाळी बसून, नक्षत्रे दिसेपर्यंत. दोन्हीकडे सुरुवात सांध्याच्या अलीकडे, शेवट पलीकडे.

मध्याह्नाचे गणित घड्याळाशी जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे, मुंबई 72.9 अंशांच्या आसपास. अंशाला 4 मिनिटे, म्हणजे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी 12.38ला. त्यातही वर्षभर फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.22, फेब्रुवारीच्या मध्याला 12.53. नागपूर मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे पुढे. त्यामुळे दुसऱ्या गावचे उदयास्त घेऊन हिशेब करू नये. आपल्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त 24 तासांच्या घड्याळात मांडून बेरीज निम्मी करावी, की खरा मध्याह्न मिळतो.

पण शास्त्रातला 'मध्याह्न' हा क्षणही आहे आणि दिवसाचा भागही. दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, पाच भाग: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न, प्रत्येकी 3 मुहूर्त. मुहूर्त 48 मिनिटांचा म्हणतात तो दिवस बरोबर 12 तासांचा असेल तेव्हाच. मुंबईत 21 जूनला दिनमान सुमारे 13 तास 18 मिनिटे, म्हणून दिवसाचा मुहूर्त 53 मिनिटांचा आणि मध्याह्न 11.20 ते 2. 21 डिसेंबरच्या सुमारास मुहूर्त 44 मिनिटांवर येतो आणि मध्याह्न साधारण 11.30 ते 1.40 असा आखडतो. बाराचा ठोका या पट्ट्यात पडतो, म्हणून बाराला केलेली संध्या चुकत नाही. चुकते ती 'बारा म्हणजेच मध्याह्न' ही समजूत. लंडनच्या मराठी घरात तर जूनमध्ये, उन्हाळी वेळेमुळे, सूर्य माथ्यावर येतो तोच दुपारी एक वाजून गेल्यावर.

वेळ टळली तरी संध्या सोडत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या नेहमीच्या 3 अर्घ्यांखेरीज कालातिक्रमाचे प्रायश्चित्त म्हणून चौथे देतात. ताम्हनात चौथी ओंजळ पडलेली दिसली, तर ती मोजण्यातली चूक समजू नये.