जुन्या पद्धतीचा कोला पहिल्यांदा पिताना

भावा, बेळगावात कुठं फेंटिमन्सचा क्युरिऑसिटी कोला हाती लागला तर उघडायची घाई करू नकोस. १९०५ पासूनची ही इंग्लंडची कंपनी आलं आणि वनस्पतींचे अर्क आंबवून पेय करते. म्हणून आधी बाटली हळूच एकदा उलटी कर, तळाचा अर्क सगळीकडं मिसळू दे. जोरात हलवलीस तर फेसच हाती येईल. बर्फ अजिबात नको, त्यानं वास मरतो. नुसती गार कर, पेल्यात ओत, अगोदर हुंग. पहिल्या घोटात गोडी शोधू नकोस. आल्याचा झणका घशात मागाहून येतो, खरी मजा तिथंच आहे. आणि कुंदा खाऊन तर बसूच नकोस, त्या गोडीपुढं कोला फिका लागेल. सोबत हव्यातच तर भाजलेल्या शेंगा घे.