‘सुरक्षित वाटणे’ आणि मुलांचा भोज्या

आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी प्रश्नावली तयार करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, ‘तुला सुरक्षित वाटते का?’ ही रचना इंग्रजी वळणाची आहे का, आणि धाकट्या मुलांना या प्रश्नाचा अर्थच लागत नसेल तर कोणता शब्द वापरावा.

रचनेत दोष नाही. ‘मला बरे वाटते’, ‘मोकळे वाटते’, ‘परके वाटते’ असे आपण पूर्वापार म्हणत आलो आहोत, त्यामुळे ‘सुरक्षित वाटते’ व्याकरणाला खटकण्याचे कारण नाही. अडचण शब्दाची आहे. ‘रक्षित’ हे ‘रक्ष्’ धातूचे कर्मणी रूप असून ‘सुरक्षित’ म्हणजे चांगल्या रीतीने राखलेला, अर्थात राखणारा दुसरा कोणीतरी आहे. ‘सुरक्षा’ ही त्या राखण्याची व्यवस्था, आणि ‘सुरक्षितता’ ही राखल्या गेलेल्याची अवस्था. शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी सुरक्षेचा भाग आहे. त्याच्यामुळे सुरक्षितता लाभते की नाही, हा निराळा प्रश्न.

हा भेद प्रशासकीय मराठीने मात्र फारसा पाळलेला नाही. २००६ च्या कायद्यातील ‘अन्न सुरक्षा’ म्हणजे अन्न अपायकारक नसणे, तर २०१३ च्या कायद्यातील ‘अन्न सुरक्षा’ म्हणजे ते पुरेसे मिळण्याची हमी. इंग्रजीत सेफ्टी आणि सिक्युरिटी असे दोन शब्द आहेत, आपण दोन्हींवर एकच पाटी लावली. मुलांविषयीच्या कायद्यांत तर तिसराच शब्द आहे: २०१२ चा कायदा ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण’ करतो. हे सगळे शब्द मोठ्यांच्या कर्तव्याचे आहेत, मुलाच्या अनुभवाचे नाहीत.

मुलांचे स्वतःचे शब्द खेळांत सापडतात. ज्याला हात लावला की राज्य घेणारा बाद करू शकत नाही तो ‘भोज्या’ (काही ठिकाणी ‘भोज्जा’) हा सुरक्षित जागेसाठी इतका नेमका शब्द आहे की मोठ्यांच्या भाषेत त्याला तोड नाही. आपण त्याचे ‘भोज्याला शिवून येणे’ असे करून धावत्या भेटीपुरते उरवले. ‘दगड का माती’मध्ये तीच जागा डावागणिक बदलते. सर्वांत हृद्य शब्द ‘कच्चं लिंबू’: सगळ्यांबरोबर धावायचे, पण बाद झाले तरी राज्य येणार नाही, ही सवलत मुलेच धाकट्या भावंडाला देतात, आणि ती घेणारे मूल काही वर्षांनी त्याच नावाने चिडते, कारण तोवर त्याला आपण खेळात खरोखर धरले जावे असे वाटू लागते.

भावनेसाठी ‘निर्धास्त’ हा शब्द जवळचा आहे. दहशत या अरबी-फारसी शब्दावरून आलेली ‘धास्त’ आणि तिच्याआधी संस्कृत ‘निर्’ असा हा संकर असला तरी तो अस्सल मराठी झाला आहे. ‘बिनधास्त’ मात्र टाळावा; त्यात धाडसाची, क्वचित बेपर्वाईचीही छटा आहे. निर्धास्तपणालाही मर्यादा आहे, कारण विहिरीच्या कठड्यावर बसलेले मूल निर्धास्त असते, पण सुरक्षित नसते. उलट स्वतःच्या घरातल्या अंधाराला भिणारे मूल बहुधा सुरक्षित असते. म्हणून वाटणे आणि असणे यांचे प्रश्न वेगळे ठेवावेत.

धाकट्यांसाठी प्रश्न असे करता येतील: ‘शाळेत कोणत्या जागी जायची भीती वाटते?’, ‘घाबरलास किंवा घाबरलीस तर आधी कोणाकडे धावत जाशील?’, ‘तुझा भोज्या कोणता?’ तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘सुरक्षित’ ठेवायला हरकत नाही. ती आपसांत ‘सेफ वाटतं’ म्हणतात, आणि ते प्रामुख्याने जागेविषयी नव्हे तर माणसाविषयी म्हणतात, तेव्हा ‘कुठे’ या प्रश्नाशेजारी ‘कोणासोबत’ हा प्रश्नही अवश्य घालावा.